रहाडीतला चिमटा

समस्त वाचकांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते, की प्रस्तुत लेखकाच्या (वय वर्षे चोपन्न, वजन विचारू नये) नाकाला यंदाच्या रंगपंचमीला, भर दिवसा, पाण्याखाली कोणीतरी चिमटा घेतला. संबंधित व्यक्ती त्या वेळी पाण्यात नव्हती. पाण्याच्या आसपासही नव्हती. घरी पलंगावर होती.

हसून घ्या. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसलो असतो. माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. गल्लीत कुणाला काही 'दिसलं' की पहिली टवाळी माझी. विम्याचा एजंट मी... लोक अमावस्येला सही करायला कचरतात, म्हणून मी मुद्दाम अमावस्येलाच फॉर्म घेऊन जातो. तेव्हा पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवा, की हे सांगताना मलाच लाज वाटते आहे.

पलंगावर होता तो माझा मोठा भाऊ, दादा. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. जुन्या नाशकात आमचा पिढीजात धंदा तांब्याची भांडी घडवण्याचा. मी त्या ठोकाठोकीतून पळालो, दादा राहिला. चौदाव्या वर्षीच त्याच्या उजव्या अंगठ्यावर हातोडी बसली आणि नख मधोमध दुभंगलं. मध्ये खरखरीत कड उभी राहिली, ती आजही तशीच आहे. हे नख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दीड वर्षापूर्वी दादाला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. वहिनी आधीच वारलेल्या, मूलबाळ नाही. म्हणून तो आमच्याकडे. सकाळी सहाला कूस बदलायची, अंग पुसायचं, डायपर, मऊ भात, पुन्हा कूस, दुपारची औषधं, पुन्हा कूस. मी आणि बायको सुनंदा, दोघंच. मुलगी लग्न होऊन लांब, मुलगा नोकरीला आणखी लांब. प्रेम आहे हो... पण प्रेमाचीही कंबर दुखते. कधी कधी मी बाथरूमचा नळ सोडून नुसता बादलीकडे बघत बसतो. कारण तिथे कोणी हाक मारत नाही.

स्पीच थेरपीच्या ताईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, "काका, त्यांच्याशी बोलत राहा. आनंदाच्या आठवणी सांगा. कुठे तरी तार जुळेल."

मला बोलत राहा म्हणायचं! सुनंदाने तिथेच कपाळाला हात लावला. "ताई, यांना गप्प राहण्याचं औषध द्या, ते आधी."

मग काय, रोज दुपारी चार वाजता आमचा प्रयोग. प्रवेश, हातवारे, आवाज बदलून पाच-पाच पात्रं. प्रेक्षक एक, दाद शून्य. दादाची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर. लग्नाच्या पंगतीत मी तोंड उघडलं की लोक जिलबी हातात धरून ऐकतात. आणि इथे माझा सख्खा भाऊ... पापणीसुद्धा नाही.

महिन्याभरात माल संपला. तेव्हा कळलं की निव्वळ आनंद, ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही असा, माणसाकडे फार थोडा असतो. लग्न? लग्नात माझे बूट चावत होते. मुलगी झाली तेव्हा? तेव्हा आनंदाहून भीती मोठी होती. खरवडून खरवडून सात-आठ जागा निघाल्या, त्याही अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या. शाळेला अचानक सुट्टी जाहीर झाल्यावर वर्गापासून फाटकापर्यंतचं अंतर. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, आंघोळ करून, कुडकुडत, गरम भज्याचा पहिला घास. आणि रहाड.

बाहेरगावच्यांसाठी सांगतो. आमच्या जुन्या नाशकात चौकाचौकांत जमिनीखाली दगडी हौद, म्हणजेच रहाडी, आहेत, पेशव्यांच्या काळातले म्हणतात. वर्षभर फळ्या आणि माती टाकून बुजवलेले. वरून रिक्षा जातात, भाजीवाले बसतात. रंगपंचमी आली की माती काढायची, हौद धुवायचा, फुलं उकळून केलेला रंग ओतायचा, पूजा करायची आणि मग काठावरून धप्पा! आमच्या चौकातल्या रहाडीचा रंग केशरी. एकदा लागला की आठवडाभर अंग सोडत नाही.

मी नऊ वर्षांचा होतो. लहान पोरांना मनाई. दादाने मला कडेवर घेतलं, गर्दीतून काठावर नेलं आणि ओरडला, "नाक धर!" मी कशाला नाक धरतोय? मी आनंदाने दोन्ही हात पसरले. धप्पा! पाण्यात गेल्या गेल्या दादाच्या बोटांनी माझं नाक पकडलं. त्या नखाची कड इथे, डाव्या नाकपुडीला रुतली. वरचा सगळा गोंगाट एकदम बंद. सगळीकडे केशरी उजेड. ना भूक, ना वडिलांचा धाक, ना अपुरा गृहपाठ. तीन सेकंद असतील. तेवढे मी जगलो, बस.

ही गोष्ट मी दादाला कमीत कमी पन्नास वेळा सांगितली. कॅलेंडर.

यंदा रंगपंचमी शुक्रवारी होती. त्या आठवड्यात मी एक काम करून आलो होतो. शहराबाहेर एक सेवाकेंद्र आहे, अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं. फॉर्म भरला, सही केली. सोमवारी सकाळी गाडी येणार होती. गुरुवारी रात्रीचं जेवण भरवताना मी दादाला सांगितलं, "दादा, तिथे नर्स असतात. बाग पण आहे." त्याने डोळे मिटून घेतले. नंतर त्याने तोंड उघडलं नाही. भात तसाच वाटीत राहिला.

शुक्रवारी सकाळीही नाही. दुपारीही नाही. सुनंदा चमचा घेऊन बसली, मी विनवण्या केल्या, ओरडलोसुद्धा. हो, त्या माणसावर ओरडलो. चार वाजता आमचा प्रयोग झाला नाही. मी उठलो आणि सुनंदाला म्हणालो, "दूध घेऊन येतो."

"अहो, दूध आहे घरात."

"मग दही."

पलंगाशेजारी बसून ती गाजरं किसत होती. "मोबाईल ठेवून जा मग," ती म्हणाली. "दह्यात भिजेल."

तिला कळलं होतं. बायकांना कळतं.

चौकात ही गर्दी. ढोल, आरडाओरडा, केशरी माणसं. मी काठावर उभा राहिलो आणि मला कशाचीही हौस उरलेली नव्हती. खरं सांगतो, फक्त तीन सेकंद कान बंद व्हावेत एवढंच हवं होतं. मागून कोणी तरी म्हणालं, "काका, उडी मारता की नवस बोलता?" मारली.

नाक धरायचं विसरलो. चोपन्नाव्या वर्षी! पाणी सरळ मेंदूत गेल्यासारखं झालं. छाती कोंडली, पाय तळाला लागेनात, हात कुठे मारतोय कळेना. घाबरलो. आणि तेवढ्यात माझं नाक कोणी तरी धरलं.

घट्ट. दोन बोटांनी. डाव्या नाकपुडीला खरखरीत कड रुतली.

सगळं शांत झालं. केशरी उजेड. सोमवार नाही, गाडी नाही, फॉर्म नाही. मी तिथे हसत होतो, पाण्याखाली... मग पाय तळाला लागले, मी उसळून वर आलो. माझ्या हातभर अंतरात कोणी नव्हतं. काठावरची पोरं ओरडत होती, "काका एकटेच गेले, काका एकटेच आले!"

घरी आलो ते खोकत, नाकातून केशरी पाणी गळत. सुनंदा दारात उभी. ओरडली नाही, तेव्हाच मी चरकलो.

"अहो, दादांचा हात उठला."

"डावा?"

"उजवा." तिने स्वतःचा हात उचलून दाखवला, अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर दाबून. "असा. हवेत. शिंक येऊन जावी तेवढा वेळ. मग पडला. गडबडीत फोन लावला तुम्हाला, तो इथेच वाजला."

मी तसाच, ओल्या बनियनवर, पलंगाशी गेलो. दादाला हात लावला नाही, शपथेवर सांगतो. आधी पाहिलं. उजव्या अंगठ्याचं आणि शेजारच्या बोटाचं टोक केशरी होतं. फक्त टोकं. नखाच्या दुभंगात रंग जाऊन बसला होता.

"गाजराचा लागला असेल," सुनंदा म्हणाली. तिचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. तिच्या बोटांचा रंग रात्री भांडी घासताना गेला. दादाचा पुढच्या शुक्रवारपर्यंत राहिला. तो तिने रोज साबणाने घासून पाहिला. चादरीवर डाग नव्हता, उशीवर नव्हता. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात स्नायू कधी कधी आपोआप उडतात. उडत असतील. पण रंग?

मला उत्तर सापडलेलं नाही. शोधायचं थांबवलं आहे. गाडी मी परत पाठवली, पण त्यात शौर्य वगैरे काही नाही. फॉर्म अजून कपाटात आहे आणि माझी कंबर अजून दुखते. दादा पुन्हा भात खातो, आणि सकाळच्या कामाला आता एक माणूस लावला आहे. दादाचा हात पुन्हा उठलेला नाही. तो पुन्हा बोललेलाही नाही.

पुन्हा म्हणालो, कारण त्या दिवशी एकदा बोलला. एवढी गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती, सवयच वाईट. मी पलंगाशी उभा होतो, नाक गळत होतं, केसांतून थेंब फरशीवर पडत होते. दादाने कॅलेंडरवरची नजर काढली. माझ्याकडे वळवली. वरपासून खालपर्यंत पाहिलं. आणि दीड वर्षानंतर, जरा दमलेल्या पण स्वच्छ आवाजात म्हणाला,

"गाढवा, अजून किती वर्षं धरू तुझं नाक?"