तळघरात रेंज नव्हती

तुरुंगातून सुटलेल्या माणसाला सहसा काम मिळत नाही, आणि मिळालंच तर दुसरं कुणी करायला तयार नसतं असं मिळतं. लंबूला रुग्णालयाच्या धुलाईखात्यात काम मिळालं ते असंच. इमारतीखाली दोन जिने उतरून गेलं की तळघर. तिथे खोलीएवढी धुलाईयंत्रं, वाफेचे रोलर, आणि वरच्या सगळ्या मजल्यांवरून ढकलगाड्यांत भरून येणाऱ्या चादरी, गाऊन, पडदे, अभ्रे. कशाला काय लागलेलं असेल ते सांगता यायचं नाही. नवी माणसं पहिल्याच दिवशी नाकाला रुमाल लावून जी पळायची ती पगार मागायलाही परत यायची नाहीत. लंबू टिकला. आत होता तेवढी वर्षं त्याने अख्ख्या तुरुंगाचे कपडे धुतले होते.

माणूस ताडमाड उंच, म्हणून लंबू. तळघराच्या छताला वाफेचे नळ होते आणि ते तापलेले असायचे, त्यामुळे तो दिवसभर मान खाली घालूनच वावरायचा. पूर्वी तो मालाचा ट्रक चालवायचा. एकदा माल उतरवताना गाडी कुठे लावायची यावरून एका दुकानदाराशी बाचाबाची झाली, शब्दाने शब्द वाढला, आणि लंबूने त्याला एकच धक्का दिला. दुकानदार मागच्या पायरीच्या कडेवर आपटला आणि दोन दिवसांनी गेला. "मला मारायचं नव्हतं," असं लंबू कोर्टात एकदा म्हणाला. त्यानंतर कधीही, कुणालाही म्हणाला नाही.

शिक्षेचा शेवटचा भाग अटींवर बाहेर काढायची परवानगी मिळाली, तेव्हा कुणीतरी त्याची हमी घ्यायला हवी होती. ती घेतली भाऊजींनी, म्हणजे थोरल्या ताईच्या नवऱ्याने. भाऊजी बस डेपोत गाड्यांच्या वेळा लावायचे. उभ्या आयुष्यात त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं, आणि तेवढीच काय ती त्यांची कमाई होती. ताईने त्यांच्याशी बोलणं टाकलं तेव्हा कुठे त्यांनी सही केली. आपला जुना फोनही दिला. "फोन माझ्याच नावावर राहील," म्हणाले. "बिल मी भरीन. तू कुणाशी बोलतोस ते मला दिसलं पाहिजे."

लंबूने मान डोलावली. नाही म्हणण्याजोगं त्याच्याकडे काही नव्हतंच.

देखरेख कचेरीतल्या मॅडमनी त्या फोनमध्ये एक अॅप घालून दिलं. ते दिवसातून केव्हाही किणकिणायचं. किणकिणलं की दहा मिनिटांच्या आत फोनसमोर तोंड धरायचं, फोटो आणि ठिकाण मॅडमकडे जायचं. याला म्हणायचं हजेरी. "तीनदा चुकली तर प्रकरण कोर्टात," मॅडम म्हणाल्या. "सिम बदललंस तर मला नुसतं कळव. फोन मात्र हाच. तो बदलायचा तर अर्ज, सुनावणी, सगळं पहिल्यापासून."

पहिली हजेरी कामाच्या दुसऱ्याच दिवशी चुकली. संध्याकाळी जिना चढून वर आला आणि खिशातला फोन एकदम थरथरायला लागला. दुपारची हजेरी आता येऊन पोचली होती, आणि तिच्यावर लाल फुली. खाली तळघरात फोनला रेंजच नव्हती.

"तुझी कंपनी खाली येत नाही रे," दुसऱ्या दिवशी मुकादमीण म्हणाली. धुलाईखात्याचा सगळा कारभार तिच्या हातात होता, आणि मालकापासून भंगारवाल्यापर्यंत सगळे तिला मावशी म्हणायचे. "आमच्या सगळ्यांकडे दुसऱ्या कंपनीचं आहे. त्यांचं यंत्रबिंत्र काहीतरी बसवलंय त्या खांबावर, डॉक्टरांच्या सोयीसाठी. आपली आपोआप सोय झाली. सिम बदल की. तोवर थोडे दिवस वर ढकलगाड्या भरायला जा, कायमचं मात्र तिथे ठेवता यायचं नाही."

लंबूने सिम विकत घेतलं, मॅडमना कळवलं आणि फोनच्या दुकानात गेला. दुकानदाराने कार्ड घातलं, बघितलं, पुन्हा काढून घातलं, आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"फोन लॉक आहे. ज्या कंपनीकडून घेतला तिचंच सिम खातो हा. दुसरं तोंडात घालत नाही."

"मग?"

"किल्ली कंपनीकडे. ज्याच्या नावावर आहे त्याने मागितली की चार-आठ दिवसांत एक नंबर पाठवतात. तो टाकला की फोन मोकळा, मग कुणाचंही सिम घाल."

"तुम्हाला नाही का करता येत?"

"येतं की. पण माझ्या पद्धतीने करायचं तर आतलं सगळं पुसून नव्याने भरावं लागतं. आत काही महत्त्वाचं?"

लंबूने ते अॅप दाखवलं. दुकानदाराने असं अॅप आधी पाहिलेलं असणार, कारण त्याने फोन पटकन लंबूच्या हातात ठेवला. "हे पुसलं की तिकडे घंटा वाजणार. नको बाबा. तुलाही नको आणि मलाही नको."

कंपनीच्या कचेरीत काउंटरवरच्या मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "हप्ते कधीच फिटलेत," पडद्यावर बघत ती म्हणाली. "काही अडचण नाही. फक्त ग्राहकाने स्वतः यायचं किंवा एक फोन करायचा."

"ते माझे मेहुणे आहेत."

"हो, पण खात्यावर तुमचं नाव नाही ना."

म्हणजे एका फोनचा प्रश्न होता. लंबूला हायसं वाटलं. सुट्टीच्या दिवशी तो ताईकडे गेला. भाऊजी वर्तमानपत्र पसरून नखं कापत बसले होते. लंबूने सगळं सांगितलं. भाऊजींनी एका हाताची नखं संपवली आणि मग विचारलं, "म्हणजे नवं सिम कुणाच्या नावावर?"

"माझ्या."

"मग मला काय दिसणार?"

"तुम्हाला काय बघायचंय, भाऊजी? दिवसभर चादरी धुतो मी."

"त्या दिवशीही तू नुसता माल उतरवायलाच गेला होतास."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. ताई दारात आली. "अहो, एक फोन करायचाय. त्याने काय जाणार आहे तुमचं?"

"कागदावर सही माझी आहे, तुझी नाही," भाऊजी म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट थकलेला होता. "डेपोत लोक अजून माझ्याकडे बघून कुजबुजतात. हा कुठे जातो, कुणाला फोन करतो, हे मला कळतंय तोवर निदान रात्री डोळा लागतो. मी ते सोडायचं?" मग नखांचा कागद घडी घालत म्हणाले, "बघू."

त्या घरात 'बघू' म्हणजे नाही, हे ताईला लग्नानंतर वर्षभरात कळलं होतं. लंबूला जिना उतरताना कळलं.

मॅडमना त्याने तळघराचं सांगितलं. त्यांनी लिहूनही घेतलं. पण मशीन कारणं वाचत नाही, म्हणाल्या. रेंज असलेलं काम बघ. सुटलेल्या माणसाने काम निवडायचं!

शेवटी तोडगा काढला तो मावशीने. मालाची लिफ्ट वरच्या मजल्यावर जिथे उघडायची तिथे एक म्हातारा लिफ्टमन बसायचा. लंबूने फोन त्याच्यापाशी ठेवायचा. किणकिणला की म्हाताऱ्याने लिफ्टच्या पोकळीत तोंड घालून ओरडायचं, "लंबू, हजेरीऽऽ!" की लंबू हातातली चादर टाकून दोन जिने तीन ढांगांत चढणार. पहिल्या दिवशी सगळं धुलाईखातं पोट धरून हसलं. पुढे ते अंगवळणी पडलं. यंत्रांच्या घरघरीतही लंबूचा एक कान लिफ्टकडे असायचा. रोलरवर चादर सरळ करताना, जेवताना, बोलताना, तो कान तिकडेच. म्हाताऱ्याला ताप येऊन तो घरी राहिला त्या दिवशी दुसरी हजेरी चुकली. त्यानंतर तर लंबू झोपेतही दचकून उठायला लागला.

तरी ते काम त्याला आवडायला लागलं होतं. गरम, कोरड्या चादरींची चळत रचताना हाताला बरं वाटायचं. रोलरवर त्याच्या समोर उभा राहणारा माणूस सारखा बडबडायचा, म्हणून त्याचं नाव रेडिओ. लंबू आत कशासाठी होता हे रेडिओने कधी विचारलं नाही. त्याला विचारायला वेळच नव्हता, तो सांगत असायचा.

एका दुपारी चहाच्या सुट्टीत सगळे धुतलेल्या पडद्यांच्या ढिगावर टेकले होते. रेडिओ आपल्या सासऱ्यांची गोष्ट सांगत होता. सासऱ्यांना दाताची कवळी नवी मिळाली, ती सैल होती, आणि जावयाला झापता झापता ती थेट जावयाच्या चहात पडली. "मी म्हटलं, बाबा, आता चावायचं राहू द्या, प्यायलाच या," रेडिओ म्हणाला, आणि सासऱ्यांसारखं बोळकं करून दाखवलं. मावशीला ठसका लागला. लंबू हसायला लागला तो थांबेचना. डोळ्यांतून पाणी, बरगड्यांत कळ, मागे पडद्यांवर आडवा झाला तरी हसतोय. किती वर्षांनी असा हसला ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्या तेवढ्या वेळात तो कान कुठे गेला होता कोण जाणे.

म्हातारा ओरडून ओरडून शेवटी स्वतः जिना उतरून आला. दारात धापा टाकत उभा राहिला. "अरे, बहिरे झालात का सगळे?" फोन त्याच्या हातात होता, आणि त्यावर लाल फुली होती.

लंबूने डोळे पुसले, उठला, आणि राहिलेल्या चादरी रोलरला लावायला लागला.

सुनावणी छोट्याशा खोलीत झाली. मॅडमनी तीन तारखा वाचल्या. हमीदार म्हणून भाऊजी डेपोच्या गणवेशातच आले होते. न्यायाधीशांनी त्यांना विचारलं, काही सांगायचंय? भाऊजी उभे राहिले. ताई खाली बघत होती.

"फोन माझ्या नावावर आहे, साहेब," ते म्हणाले. "तळघरात रेंज यावी म्हणून त्याने लॉक काढून मागितलं होतं. मी एक फोन करायचा होता. मी केला नाही."

"का?"

भाऊजी नुसते उभे राहिले, आणि न्यायाधीशांनी बसा म्हटल्यावर बसले.

त्यामुळे एवढं झालं की उरलेली सगळी शिक्षा आत काढावी लागली नाही. तीन महिन्यांवर भागलं. लंबूला त्याच दुपारी नेलं. जाताना भाऊजी पुढे झाले, पण लंबूने त्यांच्याकडे बघितलं नाही. आत गेल्यावर त्याला पुन्हा धुलाईवरच लावलं. ताई दर भेटीला यायची, भाऊजी यायचे नाहीत. ती त्यांचा विषय काढायची नाही, तोही विचारायचा नाही.

सुटला त्या दिवशी फाटकाशी ताई होती, आणि तिच्या मागे चार पावलांवर भाऊजी. त्यांनी फोन पुढे केला. "मोकळा करून घेतलाय. तुझं सिम घातलंय. मॅडमना सांगितलंय."

लंबूने फोन घेतला, खिशात घातला. "बरं," म्हणाला. बसमध्ये तो ताईशेजारी बसला. भाऊजी पुढच्या बाकावर एकटे बसले, आणि घर येईपर्यंत एकदाही वळले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो तळघरात गेला. रोलरपाशी रेडिओसमोर कुणी नवा माणूस उभा होता. मावशीने लंबूला बाजूला घेतलं. "मी भांडले रे वर," ती म्हणाली. "पण ते म्हणतात, एकदा परत आत गेलेला माणूस रुग्णालयात नको. माझं चाललं असतं तर..." तिने पदराने तोंड पुसलं. लंबूने खिशातून फोन काढून बघितला. रेंज भरपूर होती. त्याने तो परत ठेवला. जाताना रेडिओने रोलरवरून हात वर केला. काहीतरी ओरडलाही, पण वाफेच्या आवाजात ते ऐकू आलं नाही.

पुढे त्याला भंगाराच्या आवारात काम मिळालं. वजन करायचं, पत्रे कापायचे, गाडी भरायची. उघड्यावर, उन्हात. हजेरी एकही चुकली नाही. तिथली माणसं बरी होती, पण चहाच्या सुट्टीत लंबू त्यांच्यात बसायचा नाही. पेला घेऊन वजनकाट्यापाशी उभा राहायचा, फोन हातात धरून. कुणी हाक मारली तर हातानेच नको म्हणायचा. मुदत संपली, मॅडमनी अॅप काढून टाकलं, तरी तो तिथेच उभा राहायचा.