नसरीनच्या खेळांची राखण

नसरीन गेली, हे मला कोणी कळवलं नाही. त्या रविवारी संध्याकाळी अमरावतीला घरी मी कॉम्प्युटर लावला, तर पडद्यावर तिच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसला. म्हणजे अकोल्यात तिचा कॉम्प्युटर चालू होता. डायलिसिसनं ती इतकी थकली होती की खुर्चीत बसणंही होत नव्हतं, त्यामुळे मला आनंदच झाला. "उठली का वं? कसं वाटते?" असं मी लिहिलं. उत्तर आलं, "भाभी सुबह गुजर गई. दफन हो गया. कॉम्प्युटर फॉर्मॅट मारना है, पासवर्ड मालूम है क्या?" तो तिचा धाकटा दीर होता. मी उठून मोरीत गेले आणि ओकले. तेव्हापासून बरेच आठवडे झाले, पण ते वाक्य आठवलं की अजून तोंड कडू होतं.

नसरीन वलगावची. वडिलांची तिथे काळी जमीन होती, घरात उर्दू आणि दाराबाहेर वऱ्हाडी. अमरावतीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला आम्ही एका बाकावर आलो आणि कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये एका कीबोर्डवर. प्रॅक्टिकल लवकर संपवून आम्ही पत्ते आणि विटा रचायचा खेळ खेळायचो. तिची जीभ तिखट होती. पुण्याहून आलेल्या आमच्या मॅडमना तर ती सारखी भांडतेच आहे असं वाटायचं. पुढे तिचं लग्न अकोल्याच्या इरफानभाईंशी झालं. त्यांचं रंगाचं दुकान, दिरासोबत एकत्र घर. ती शाळेत गणित शिकवायची, आणि दोन्ही वेळचा सगळ्या घराचा स्वयंपाकही तिच्याकडेच. स्वतःच्या पगारातून तिनं चांगला कॉम्प्युटर घेतला आणि झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात मांडला. पोरांची आई होऊन गेम खेळते म्हणून सासरच्या बायका हसल्या. "हसू दे," ती म्हणायची. "त्या टीव्हीवर दुसऱ्याच्या सासवा पाह्यतात, त्याचं काय."

हे खेळ आता दुकानात मिळत नाहीत. इंटरनेटवरून उतरवून घ्यावे लागतात, आणि पैसे मोजून घेतले तरी त्यांची दोरी कंपनीच्याच हातात राहते. कंपनी वरचेवर त्यांत फेरफार पाठवते, त्याला अपडेट म्हणायचं. नसरीनकडे पुष्कळ खेळ होते आणि रविवारची सकाळ त्यांच्या अपडेटची. एकेक खेळ ताजा करून घ्यायचा, सुरू होतो की नाही पाहायचं, आणि ते चालू असताना मला फोन. काय बदललं याची कंपनीनं लिहिलेली माहिती ती मला वाचून दाखवायची. "ऐक. यायनं खेळातला रात्रीचा अर्धा भाग काढून टाकला, न वर लिहितात का तुमचा अनुभव अजून सुंदर केला." तिच्या आवाजात राग कमी आणि किळस जास्त असायची. अर्धवट खेळ विकायचा, मग वर्षभर ठिगळं लावत बसायचं, आणि चांगलं चाललेलं बिघडवून त्याला सुधारणा म्हणायचं, याची तिला मनापासून शिसारी होती. तरी ती रविवार चुकवत नसे. "घर आपलं आहे तं झाडाच लागते," म्हणायची.

आमचा दोघींचा एक खेळ होता. एक बेट, त्यावर दोघींनी मिळून लावलेल्या बागा. ती अकोल्याहून पाणी घालायची, मी अमरावतीहून. काही वर्षं आमच्या गप्पा त्या बेटावरच झाल्या. तिची मुलं शिकायला बाहेर गेली ते, माझा घटस्फोट, तिच्या किडन्यांचे पहिले रिपोर्ट... सगळं त्या झाडांखाली. एका रविवारी अपडेट आलं आणि बेट उघडेना. कंपनीनं तो खेळच बंद केला होता. पडद्यावर फुलांचं चित्र आणि सुंदर प्रवासाबद्दल आभार. मी तेव्हा सुट्टीला तिच्याकडेच होते. ती ओरडली नाही. जेवणात केस निघाला की माणूस ताट सारतो, तसा तिनं कीबोर्ड दूर सारला. म्हणाली, "आपलंच घेऊन जातात, न आपल्यालेच थँक्यू म्हणतात."

त्यानंतर ती सावध झाली. अपडेट घ्यायच्या आधी प्रत्येक खेळाची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून ठेवायची. नवं बरं निघालं तर ठेवायचं, बिघडलं तर जुनं परत आणायचं. घरं बांधायचा एक खेळ मात्र तिनं अपडेट होऊच दिला नाही. त्याच्या नव्या आवृत्तीत आधी बांधलेली घरं पुसली जात होती, आणि तिथे तिचं घर होतं.

शेवटचं भेटले तेव्हा बडनेऱ्याहून गाडी धरून दुपारी पोहोचले. ती पलंगावर होती, उशाशी पातेलं. मी अपडेट घ्यायला कॉम्प्युटरसमोर बसले आणि ती पडल्या पडल्या सांगत होती, हा घे, हा राहू दे. दीर दारात येऊन उभा राहिला. "भाभी, अब ये सब कायको?" तिनं मान वळवली नाही. तो गेल्यावर म्हणाली, "ज्योते, मले आता सगळ्याची शिसारी येते. भाताची, गोळ्याईची, माह्या अंगाच्या वासाची. एवढं एक सोडून." मग घराच्या खेळाची प्रत माझ्या डिस्कवर घ्यायला लावली. "हे तुह्या घरी ने. नेट काढून लाव. अपडेट करू नको."

"काहून? तू आहेस ना."

"मी आहे तोवर ठीक आहे," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

तिच्या चाळीसाव्या दिवसाच्या फातेहाला मी अकोल्याला गेले. तिचा कॉम्प्युटर दुकानात होता. गल्ल्यावरच्या कॅमेऱ्याची चित्रं त्यावर दिसत होती, आणि दीर मला कौतुकानं सांगत होता, "फॉर्मॅट मारा ना, एकदम फास्ट हो गया." तिची हार्ड डिस्कही त्यानं पुसून त्यात लग्नाचे व्हिडिओ भरले होते. कंपनीला मी कळवलं होतं की ही बाई वारली, तिचं खेळांचं खातं निदान मुलीच्या नावे करा. उत्तर आलं, खातं फक्त त्या व्यक्तीचं, ते कोणाला देता येत नाही, म्हणून बंद करत आहोत. तिनं खात्यावर माझाही ईमेलचा पत्ता दिलेला होता. त्या पत्त्यावर थोड्याच दिवसांत त्याच कंपनीचा निरोप आला, "नसरीन, तुझी आठवण येते. परत ये, तुझ्यासाठी खास सवलत." दीर निदान माणूस होता. त्याला दोन शब्द सुनावता आले असते. हे कोणाच्या तोंडावर फेकायचं?

गेल्या आठवड्यात इरफानभाई दुकानाचा माल घ्यायला अमरावतीला आले होते. त्यांचा फोन आला. "ताई, तिचं काही तुमच्यापाशी आहे का? आमच्याकडे तं काहीच राह्यलं नाई." मी घरी बोलावलं. दारातच म्हणाले, "त्यानं कॉम्प्युटर पुसला तवा मी दुकानात होतो. मले मालूम होतं. मी त्याले नाई म्हटलं नाई." मला त्यांचीही किळस आली, आणि मी चहा ठेवला.

नेटची वायर काढून मी तो खेळ लावला. टेकडीवरचं तिचं घर उघडलं. इरफानभाई हात मांडीवर ठेवून बघत होते. मी त्यांना आत फिरवलं. पुस्तकांची खोली, मोठी खिडकी असलेली झोपायची खोली, नमाजची जागा, जिना, गच्ची, गच्चीवर दोन खुर्च्या. मग त्यांनी माउस मागून घेतला आणि स्वतः फिरू लागले. भिंतींना धडकत, त्याच त्याच दारांतून आत-बाहेर, काहीतरी शोधत. शेवटी माझ्याकडे वळले.

"स्वयंपाकघर कुठी आहे?"

"नाही."

"नाई म्हणजे?"

"तिनं बांधलंच नाही, इरफानभाई."

त्यांनी चहावरची साय बोटानं बाजूला केली आणि हळूच म्हणाले, "बरं केलं."