महालक्ष्मीचे डोळे

जवसाच्या तेलात काजळी कालवल्याचा वास आला, की अजूनही माझं डोकं तापतं.

मानमोडीच्या साथीत वडील गेले. विधवेचा हात नको, म्हणून महालक्ष्मीचे मुखवटे रंगवणं आईला सोडावं लागलं. नऊ वर्षांनी केनवडच्या पाटलीणबाईंनी मुखवटे गुपचूप आमच्या मागच्या दारी धाडले. आईसारखे डोळे कुणालाच जमत नव्हते. मजुरी पायलीभर ज्वारी.

सणाच्या दुपारी आई दर्शनाला गेली, तर बाईंनी उंबऱ्यातच अडवलं.

"तू कायले आली वं? सवाष्णी जेवून राह्यल्या!"

"बाई, डोये तं म्याच काढले," एवढंच बोलून आई परतली.

मी कुमारिका म्हणून आत पंगतीत होते. त्या बाईला मी जन्मभर शिव्या दिल्या. पण त्या दिवशी पुरणपोळीच्या ताटावरून मी उठले नाही.