सालांची वाटी

सगळे तिला नांगी म्हणत. माशी जी मारते ती नांगी. मध विकणारी बाई गोड बोलणारी असावी, अशी लोकांची आपली एक समजूत असते. हिच्या ओट्यावर आल्यावर ती समजूत पायरीवरच गळून पडे. कुणी बरणी उन्हात धरून म्हणालं, "पातळ वाटतोय हो," की ही बरणी हातातून काढून घ्यायची. "घट्ट पाहिजे? मग डांबर न्या. रस्त्याचं काम चालूच आहे पलीकडे." तरी लोक यायचे, कारण मध चोख होता. एकही पोळं सगळं पिळून घेतलं नाही तिने कधी. माशांचा वाटा माशांना ठेवून उरलेला काढायचा, ही तिची रीत.

घरामागे उतार होता, उतारावर फळझाडं आणि झाडांच्या सावलीत रांगेने माशांच्या पेट्या. त्या सगळ्या पेट्या तिच्या नवऱ्याने केलेल्या. तो सुतार. बोलायला कमी, हातकामाला बारीक, आणि त्याचं सगळं काम जमिनीवर बसून. चौकटीची पट्टी तो उजव्या पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरायचा आणि दोन्ही हातांनी करवत ओढायचा. लोखंडी पकड त्याने कधी विकत घेतली नाही. "देवाने पायाला दिलीय की," म्हणायचा. तो पाय पट्टी धरून असा निश्चल राहायचा, की जणू पाय नव्हेच, खोलीतलाच एखादा खांब.

त्या घरात साखरेचा डबा नव्हता. चहात मध, लापशीत मध, पावावर मध, केकमध्ये मध. तिचा मधाचा केक तर असा, की ओव्हनचं दार उघडलं की शेजारचे आपापल्या खिडक्या उघडायचे.

मग एक दिवस लाकूड कोरताना पटाशी निसटली आणि त्याच अंगठ्याला लागली.

जखम एवढीशी. त्याने चिंधी गुंडाळली आणि पुन्हा पट्टी धरली. पण चिंधी रोज ओली व्हायला लागली. पेट्यांपाशी फुलं येऊन झडून गेली, तरी ती जखम मिटेना. तेव्हा तिने त्याला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण होती, पण बोलली जुन्या माणसासारखी, थेट.

"रक्तात साखर फार आहे, काका. ती खाली आली तर जखम भरेल. नाही आली तर अंगठा काढावा लागेल. आणि मग तिथेच थांबेल याची खात्री मी देत नाही."

परतीच्या वाटेवर तो लंगडत चालला होता. मग म्हणाला, "साखर कुठून आली? आपल्या घरात साखरेचा कण नाही. आपण तर मध खातो."

ती तिथेच रस्त्यात थांबली. "मध काय आकाशातून पडतो? गोड ते गोड."

"अगं, मध बाधत नाही. तूच सांगतेस की ओट्यावर बसून. 'साखरवाल्यांनाही चालतो, खुशाल न्या.' मी भिंतीपलीकडून ऐकतो ना रोज."

खरंच ती सांगायची. तिची सासू सांगायची म्हणून ती सांगायची. आता तेच वाक्य नवऱ्याच्या तोंडून परत आलं आणि तिच्या कपाळाची शीर तटतटली. राग कुणाचा करायचा ते कळेना, म्हणून तिने त्याचाच केला. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. आणि घरी आल्यावर जी बोलायला लागली, ती दिवे लागले तरी थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघर उलटंपालटं केलं. चुलीजवळची मधाची बरणी, फळीवरची बरणी, त्याच्या पलंगाखाली सापडलेली बरणी, सगळ्या उचलून माल ठेवायच्या खोलीत नेल्या, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली.

मग चहाची लढाई झाली. आधी चमचा अर्धा झाला, मग चमच्याचं नुसतं टोक, मग तेही गेलं. तो कपाकडे असा बघायचा, की जणू कपात कुणी माणूस बुडालाय. लापशीत तिने मधाच्या जागी आधी पिकलेलं केळं घातलं, मग तेही निम्मं करून त्यात दालचिनी घातली, कारण दालचिनीचा वास जिभेला फसवतो. केकचं मात्र सोपं नव्हतं. मध नुसता गोडी देत नाही, ओल धरतो, रंग देतो. तो काढला तर केक कोरडा पडणार, हे तिला ठाऊक होतं, पण रागाच्या भरात तिने पहिल्याच खेपेला सगळा मध वगळला आणि त्या जागी काहीच घातलं नाही. ओव्हनमधून वीट निघाली.

नवऱ्याने ती हातात घेऊन कडेकडेने पाहिली. बोटाच्या पेराने वाजवली. "रंधा मारू का जरा?"

"दात आहेत ना तोंडात? त्यांनी मारा."

पण ती हरणारी नव्हती. तिने भोपळा भाजला, त्याचा गर कुस्करला, त्यात आंबट सफरचंद किसलं आणि पुन्हा पीठ भिजवलं. मधाच्या केकला आच कमी लागते, नाहीतर वरून करपतो. याला आच जास्त लागली, तेही करून करूनच कळलं. शेवटी एक केक असा उतरला, की गोडी नुसती लांबून हात करून जायची, पण मऊ होता आणि साच्यातून सुटत होता. त्यातलाही पातळसा तुकडाच त्याच्या बशीत पडायचा. तो तुकडा त्याने मान खाली घालून संपवला. वाईट म्हणाला नाही. चांगला म्हणण्याइतका मोठा त्याचा जीव त्या दिवसांत नव्हता.

त्याची बहीण पलीकडच्या गल्लीत राहायची. भावाची दया येऊन ती एक बाटली घेऊन आली.

"वहिनी, खजुराचा पाक आणलाय. घाला थोडा चहात. हा चालतो बरं का, नैसर्गिक आहे."

"सापाचं विषही नैसर्गिकच असतं, ताई."

"अहो, पण किती सुकलाय माझा भाऊ! घरात मधाचे डबे भरलेत आणि घरधन्याच्या जिभेला थेंब नाही?"

"जीभ सुकली तर पाणी पाजीन. अंगठा गेला तर तुम्ही तुमचा द्याल काय?"

नणंद बाटली तिथेच ठेवून गेली. नांगीने ती मोरीत ओतली, आणि पाक घट्ट होता म्हणून तो जाईपर्यंत वर पाणी ओतत, दात खात उभी राहिली.

एवढं करून, पुन्हा रक्त तपासलं तेव्हा साखर होती तिथेच. जखमेची कड काळसर दिसायला लागली होती. डॉक्टरीण या खेपेला काका म्हणाली नाही, नुसती कडेकडे बघत राहिली. "पुढच्या तपासणीपर्यंत बघू. मग मात्र मला वाट बघता येणार नाही."

आता नांगीचा राग चारी बाजूंनी पेटला. कुणीतरी चोरून देतंय, याबद्दल तिला शंकाच उरली नाही. तिने कुलूप पाहिलं, जसंच्या तसं. त्याच्या उशीखाली पाहिलं, कोटाच्या खिशात पाहिलं, लाकडाच्या भुशात हात घालून पाहिलं. मग ती तडक नणंदेच्या दारात गेली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भावाला मारायचंच असेल तर समोर येऊन मारा, बाटलीतून कशाला?"

"मी त्या दिवसापासून तुमच्या उंबऱ्याला पाय लावला नाही, वहिनी!" नणंद रडायला लागली, मग रडता रडता तीही चिडली आणि तिने दार लावून घेतलं.

घरी येऊन तिने नवऱ्याला धरलं. "कुठे खाता? सांगा. शेजारी? बाजारात?"

"कुठेच नाही."

"खोटं!"

त्याने शेजारची करवत उचलली आणि तिच्या पात्यावर तळहात ठेवला. "हिच्यावर हात ठेवून सांगतो. तू वाढतेस त्यापलीकडे माझ्या पोटात काही गेलं नाही."

त्या करवतीवर तो खोटं बोलणार नाही, हे तिला माहीत होतं. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. निदान रागाला एक खुंटी मिळाली असती. आता तो राग घरभर मोकळा फिरायला लागला. भांडी आपटली, मांजर हाकललं, ओट्यावरचं गिऱ्हाईक परत गेलं.

दवाखान्यातली नर्स एक दिवसाआड सकाळी सायकलवरून पट्टी बदलायला यायची. जाडजूड, हसरी बाई. त्या दिवशी ती आली तेव्हा सुतार आपल्या खोलीत पाय पसरून चौकटी जुळवत बसला होता. नर्सने खाली बसून जुनी पट्टी सोडवली. "दुखतंय का?"

"म्हूं," तो म्हणाला.

"काय?"

"म्हूं म्हूं."

"अहो, तोंडात काय आहे? आधी गिळा नाहीतर थुंका, मग बोला."

"काही नाही," त्याने ऐवज गालात सारला. "मेण आहे."

नेमकी त्याच वेळी नांगी दारातून आत येत होती. हातात तिच्या रोजच्यासारखी वाटी होती.

त्या वाटीचं सांगायला हवं. माशा पोळ्यातल्या मधाने भरलेल्या घरांवर मेणाचं पातळ झाकण घालतात. मध काढायच्या आधी ते सुरीने सोलून काढतात. त्या घरात त्याला सालं म्हणत. सालं निथळत ठेवली तरी मध त्यांना चिकटून राहतोच. ही सालं लग्न झाल्यापासून रोज सकाळी वाटीभर ती नवऱ्याच्या शेजारी ठेवत आली होती, तिच्या आधी तिची सासू सासऱ्याच्या शेजारी ठेवत होती. सुताराने ती चघळायची, मेण मऊ झालं की त्याचा गोळा तोंडातून काढायचा आणि करवतीच्या पात्याला घासायचा. मग करवत लोण्यातून गेल्यासारखी जाते. गोळा संपला की पुन्हा नवी चिमूट तोंडात. दिवसभर. तोंडातून काढून टाकायची वस्तू, ती कुणी खाणं धरत नव्हतं. ते काम होतं. खिळे, डिंक, सालं.

नर्सने वाटीत बोट बुडवलं आणि चाटलं. तिचं हसणं थांबलं.

"हे रोज?"

"मेण मी थुंकतो," सुतार म्हणाला. "करवतीसाठी असतं ते."

"मेण थुंकता. आणि मध?"

त्याच्या गालातला गोळा तसाच राहिला. मग त्याने बायकोकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात तक्रार नव्हती, हेच तिला सगळ्यात जास्त लागलं. कुलपं तिने लावली होती, नणंदेला चव्हाट्यावर तिने रडवलं होतं, चहातल्या थेंबासाठी महाभारत तिने केलं होतं, आणि रोज सकाळी याच हातांनी वाटी भरून ती त्याच्या मांडीपाशी नेऊन ठेवत होती. कधी कमी वाटली तर वरून आणखी घालत होती.

"मला आंधळीला कुणी बोललं कसं नाही!" ती ओरडली. कुणावर, ते तिलाच माहीत. वाटी तिने दारातून अंगणात भिरकावली. ती फरशीवर आपटून गरगरत राहिली. थोड्याच वेळात माशा आल्या आणि सांडलेल्या सालांवर बसल्या. आपलंच परत मिळालं म्हणून त्यांना काही विशेष वाटलेलं दिसलं नाही.

नर्सने नवी पट्टी बांधली. जाताना म्हणाली, "आता तरी कळलं, मावशी. कळलं हे थोडं नाही."

"तुम्ही समजूत घालू नका," नांगी म्हणाली. "मला अजून पुरतं रागावूही दिलेलं नाही कुणी."

त्या दिवशी तिने सालांचा सगळा डबा कोमट पाण्यात रिकामा केला. हाताने चोळून चोळून धुतली. पाणी गोड झालं, ते ओतून दुसरं घेतलं. पाण्याला चव उरेना, तेव्हा मेण फडक्यावर वाळत घातलं. गोड पाणी तिने उतारावर नेऊन पेट्यांपाशी पसरट ताटल्यांत ठेवलं. फुलं संपली होती, माशांना ते हवंच होतं.

मग केकचा मोठा तुकडा कापून ती नणंदेकडे गेली. दार उघडलं तशी म्हणाली, "तुमच्यावर ओरडले ते चुकलं. वाटी माझीच होती. पण खजुराचा पाक पुन्हा आणलात तर पुन्हा ओरडीन." नणंदेने केक घेतला. आत बोलावलं नाही. ते नांगीला योग्यच वाटलं.

धुतलेल्या मेणाची चिमूट तोंडात टाकून सुताराने तोंड वाकडं केलं. "ह्याला चव नाही."

"करवतीला चव लागते?"

"मऊच होत नाही हे."

"तळहातात धरून चोळा. तोंड रिकामं ठेवायला शिका आता."

"रिकाम्या तोंडाने काम होत नाही माझं."

"मग बोला! इतकी वर्षं तोंडात गोळा होता म्हणून गप्प होता. आता बोला माझ्याशी."

तो बोलला. पुढचे कितीतरी दिवस तो फक्त तक्रारी बोलला. चहा, लापशी, मेण, पाय, माशा, ती. ती प्रत्येकीला उत्तर देत गेली. शेजाऱ्यांना वाटलं, या घरात आता कुणीतरी कुणाचा जीव घेणार. ओट्यावर कुणी विचारलं, "साखरवाल्याला चालतो ना हो?" तर ती बरणीवर हात ठेवून म्हणायची, "नाही चालत. पाहुण्यांसाठी नेत असाल तर न्या," आणि समोरचा चकित होऊन बघत राही.

पुढच्या तपासणीला साखर खाली सरकली होती. फार नाही, पण सरकली होती. डॉक्टरीण जखमेवर वाकली आणि कडेच्या आत कुठेतरी गुलाबी दिसतंय म्हणाली. "अजून खात्रीने बोलत नाही मी. पण आज अंगठा काढत नाही."

घरी आल्यावर तो आपल्या खोलीत बसला. नांगी दाराआडून बघत होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं, कुणी नाही असं पाहून लाकडाची एक बारीक पट्टी उचलली आणि हळूच उजव्या पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात घातली. पट्टी थरथरली, पण पडली नाही.

"काढा ती!" ती दारातून ओरडली. "काढा आधी! पुन्हा उघडली जखम, तर मीच करवत घेऊन येईन!"

त्याने पट्टी काढली. पण लगेच नाही.