पत्राच्या कोपऱ्यावरचं बोट

परदेशी शिकायला गेलो होतो असं म्हटलं की लोक विचारतात, काय काय पाहिलंत? मी किल्ला सांगतो, नदीतली बोट सांगतो, उंच कळसाचं चर्च सांगतो. लोकांचं समाधान होतं. त्या तीन महिन्यांत मी डोळे लावून पाहिलं ते टपाल, पण हे चारचौघांत सांगायचं कसं?

साठचं दशक नुकतं लागलेलं. मी मुंबईच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होतो. जर्मनीतल्या एका लहान गावात कापडाच्या रंगांवर तीन महिन्यांचा उन्हाळी अभ्यासक्रम होता. आमच्या प्राध्यापकांनी माझं नाव पाठवलं आणि ते निवडलं गेलं. पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथून मुंबईच्या पलीकडे कोणी गेलं नव्हतं. गिरणीत असलेले माझे चुलते मला सगळ्यांसमोर 'फॉरेन रिटर्न' म्हणायला लागले, मी अजून पोलादपूरही सोडलेलं नसताना.

पण घरात आई अंथरुणाला खिळलेली. तिच्या पोटात गाठ होती. महाडचे डॉक्टर म्हणाले, मुंबईला न्या. मुंबईचे म्हणाले, उशीर केलात. मी जाणार नाही म्हणून हटून बसलो, पण आई माझ्याहून हट्टी.

"तू हितं बसून माझी गाठ विरघळवणार हायस का?" ती म्हणाली. "जा तू. तुझे बाबा पत्र लिवतील. मी हाय तोवर पत्राच्या कोपऱ्यावर माझं बोट असेल. बोट दिसलं की आय हाय असं समजायचं, आनी गप अभ्यास करायचा."

आईला लिहितावाचता येत नव्हतं. घरातून कोणतंही पत्र निघालं की ती कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवून तिकिटाच्या शेजारी टेकवायची. तिची सही म्हणा ना. ती गेली तर काय येईल, ते तिनं उच्चारलं नाही, पण मला ते माहीत होतं. आमच्याकडे मयताचं पत्र कोपरा फाडून पाठवतात. ते घरात घेत नाहीत. अंगणात उभं राहून वाचायचं, फाडून टाकायचं आणि अंघोळ करून मग उंबरा ओलांडायचा. लहानपणी असं पत्र एकदा उमरठच्या मामांकडून आलेलं मी पाहिलं होतं. वाचायच्या आधीच बायकांनी हंबरडा फोडला होता.

तर मी गेलो. बोटीनं, मग आगगाडीनं. तिकडे ज्याला उन्हाळा म्हणतात त्यात आपल्याकडे माणूस घोंगडी पांघरून बसेल. मी एका विधवा बाईंच्या घरी वरच्या खोलीत राहायचो. सकाळी काळा पाव आणि चीज. त्या चीजचा वास असा, की मी पहिले आठ दिवस नुसत्या बटाट्यांवर काढले. आठ ते बारा वर्ग, त्यातलं निम्मं डोक्यावरून जायचं. दुपारी प्रयोगशाळेत कापडाच्या चिंध्या रंगवायच्या. माझी नखं निळी झाली ती तिथून निघेपर्यंत निळीच राहिली. घरमालकीणबाईंचे नियम कडक: जोडे दाराशी, स्वयंपाकघरात पाऊल नाही, अंघोळ फक्त शनिवारी. रोज अंघोळीची सवय असलेल्या माणसाला शनिवारपर्यंत थांबायला लावणं ही शिक्षाच आहे, पण बोलणार कोणाला?

टपाल दहाला यायचं आणि मी बारा वाजून गेल्यावर जेवायला घरी पोचायचो. मधले दोन तास मी वर्गात असून नसल्यासारखा. जिन्याच्या पायथ्याशी एका छोट्या टेबलावर बाई पत्र ठेवायच्या. दार उघडलं की माझी नजर आधी तिथं जायची. पाकीट हातात घेऊन मी कोपरा बघायचो. बोट असायचं, मग मी तिथंच पायरीवर बसकण मारायचो.

बाईंना तिकिटं जमवायचा नाद होता. त्यांचा नवरा लढाईत गेला. त्यानं आघाडीवरून पाठवलेल्या पत्रांच्या तिकिटांपासून त्यांनी वही सुरू केली होती. माझं वाचून झालं की मी पाकिटाचा कोपरा कातरून त्यांना द्यायचो. त्या तो सूप प्यायच्या खोलगट बशीत पाण्यात टाकायच्या, म्हणजे तिकीट सुटून वर येतं. पहिल्याच वेळी त्या ती बशी घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी आल्या. पाणी लालसर झालं होतं.

"तुमच्या देशातल्या तिकिटांचा रंग जातो," त्या म्हणाल्या, जरा तक्रारीच्या सुरात.

मी त्यांना समजावून सांगितलं, माझ्या मोडक्या जर्मनमध्ये, की हा तिकिटाचा रंग नाही, माझ्या आईचं बोट आहे. ती आजारी आहे आणि बोट आहे म्हणजे ती आहे. त्यानंतर प्रत्येक वेळी त्या बशी मला दाखवायच्या आणि म्हणायच्या, "आईचं बोट आलं हं." त्या घरात माझ्या वाट्याला आलेलं पहिलं मायेचं वाक्य ते.

चार पत्रं अशी आली. पहिल्यावरचं बोट ठसठशीत होतं. चौथ्यावरचं एवढं पुसट, की मी ते खिडकीशी नेऊन पाहिलं. मग तीन आठवडे काहीच आलं नाही. ऑगस्ट अर्धा संपला, परीक्षा पंधरा दिवसांवर आली. मी पुस्तक उघडून बसायचो आणि तासाभरानं बघावं तर पान तेच.

त्याच आठवड्यात शनिवारी वर्गाची सहल होती. मला जायचं नव्हतं. शिक्षक म्हणाले, खोलीत कुढत बसलास तर आजारी पडशील. नेलं त्यांनी मला ओढून. नदीतून बोट, मग डोंगरावरचा किल्ला. आमच्याकडे किल्ला म्हणजे छाती फुटेस्तोवर चढायचं आणि वर ताकाचं मडकं घेऊन कोणी बसलेलं असलं तर नशीब. तिथं किल्ल्यापर्यंत मोटार जाते आणि आत कॉफी मिळते. बाकीची मुलं बुरुजावर फोटो काढत होती. मी खाली नदीकडे बघत होतो आणि डोक्यात एकच, की आज टपाल आलं असेल.

आलं होतं. संध्याकाळी सहाला दार उघडलं तर टेबलावर पाकीट. बाबांचं अक्षर. आणि उजवीकडचा वरचा कोपरा फाडलेला.

घरात कोणी नव्हतं. बाई त्या शनिवारी बहिणीकडे मुक्कामाला गेल्या होत्या. मी ते पाकीट दोन बोटांत धरून तसाच बाहेर आलो. असलं पत्र दुसऱ्याच्या घरात कसं ठेवायचं, हा विचार आधी आला. मागच्या अंगणात सायकलींचं खोपटं होतं. तिथं उभं राहून वाचावं म्हटलं, पण हात होईना. वाचलं की अंघोळ करायला हवी, बंब तर बाई आल्याशिवाय पेटणार नाही, मग मी घरात शिरणार कसा? हसू नका, खरंच मी हा हिशेब करत होतो. आई गेली आणि मी बंबाची चिंता करत होतो. शेवटी पाकीट एका रिकाम्या कुंडीखाली ठेवलं आणि वर खोलीत जाऊन पडलो. रात्र कशी गेली ते सांगत बसत नाही.

रविवारी सकाळी उठलो ते चालत सुटलो. गावात चर्चच्या घंटा वाजत होत्या. नटूनथटून माणसं निघालेली. मला कोणीतरी थांबवून विचारावं असं वाटत होतं, आणि कोणी विचारलं असतं तर मी त्याच्या अंगावर ओरडलो असतो. तिला मी सोडून आलो होतो. 'गप अभ्यास कर' म्हणाली आणि मी खरंच गप निघून आलो. कशासाठी, तर चिंध्या निळ्या कशा करायच्या ते शिकायला. मला माझीच शिसारी आली.

चौकात टपालाची पिवळी पेटी होती आणि शेजारी तिकिटांचं यंत्र. एक म्हातारा यंत्रातून तिकीट काढून पाकिटाला चिकटवत होता. मी त्याच्याकडे नुसता बघत होतो. आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. कोपरा नसेल तर तिकीटही नसणार. तिकिटाशिवाय पत्र समुद्र ओलांडून येईल कसं? पोलादपूरहून निघताना कोपरा जागेवर होता. फाटला तो इथं.

मी धावत घरी आलो. नियम गेला चुलीत, सरळ स्वयंपाकघरात शिरलो. खिडकीशी ती सुपाची बशी होती. नितळ पाण्यात आमची दोन तिकिटं तरंगत होती. मी बशी हातात घेऊन खदखदा हसत सुटलो. तेवढ्यात बाई बहिणीकडून परतल्या आणि दारातच थबकल्या.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "तुम्ही कापून देताच, म्हणून या वेळी मीच काढलं. रागावलात?"

मी काय रागावणार? त्यांच्या पाया पडायचा बाकी होतो. खोपट्यात जाऊन कुंडी उचलली आणि पत्र फोडलं. बाबांची चार ओळींच्या वर कधी मजल जात नसे. लिहिलं होतं: 'तुझ्या आईचा त्रास आता थांबला आहे. तिला आता काही दुखत नाही. तू मागे बघू नयेस. परीक्षा पुरी करून ये.'

मी ते तीनदा वाचलं. त्रास थांबला. दुखत नाही. अंगात वारं शिरल्यासारखा मी त्या दिवशी जेवलो, चीजसकट. संध्याकाळी बाबांना लांबलचक पत्र लिहायला बसलो. बोटीतली सगळी गंमत लिहिली, किल्ल्यात कॉफी मिळते ते लिहिलं, चीजच्या वासाची नक्कल केली. शेवटी लिहिलं, आयला सांगा, तिच्यासाठी काचेचा करंडा घेणार आहे, असा महाडच्या बाजारात मिळायचा नाही. दुसऱ्या दिवशी घेतलाही, झाकणावर निळी फुलं असलेला. परीक्षेत पहिल्या पाचांत आलो.

सप्टेंबरच्या शेवटी बोट मुंबईला लागली. चुलते घ्यायला आले होते. 'फॉरेन रिटर्न' म्हणाले नाहीत, गप्प गप्पच होते. मला वाटलं, गिरणीत काही बिनसलं असेल. त्यांनी मला एसटीत बसवून दिलं. महाड गेलं, सावित्री दिसली, दोन्ही अंगांना भात फुलोऱ्यावर आलेलं. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून बसलो होतो.

पोलादपूरच्या स्टँडवर बाबा उभे होते. वाळले होते. मी वाकून पाया पडलो. आय कशी हाय, हे ओठांवर होतं, पण बाबाच आधी बोलले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"बाळा, तू लई धीराचा निघालास रे," ते म्हणाले. "मला नाय वाटलं व्हतं."

मला काही कळेना.

"तुला कळवायचं कसं, तेच सुचत नव्हतं. कोपरा फाडाय गेलो, हात झाला नाय. एकटा पोर, परक्या मुलखात. मग म्हटलं, कुंकूच लावायचं नाय. तीच म्हनाली व्हती ना, बोट हाय तोवर आय हाय. पोरगा शिकलेला हाय, वळखील."

मला ती बशी आठवली. तिकिटं तरंगत होती आणि पाणी नितळ होतं. रंगांचं शास्त्र शिकायला गेलेला मी, पाण्याला रंग नाही हे मला दिसलं नव्हतं.

बाबा बोलतच होते. "ती गेल्यापासून माज्या घशाखाली घास उतरत नव्हता. मग तुझं पत्र आलं. ते बोटीचं, किल्ल्याचं. आनी आयला करंडा घेतो म्हनून, ती असल्यावानी. ओटीवर बसून वाचलं. म्हटलं, येवढं दुःख पोटात घालून पोर माझा मला हसवाय बघतोय, आनी मी हितं उपाशी बसलोय. त्या दिशी जेवलो बघ." मग त्यांनी विचारलं, "बघितलंस ना तू, बोट नव्हतं ते?"

स्टँडवर गाडी मागे घेताना कंडक्टर घंटी वाजवत होता. बाबा माझ्याकडे बघत होते.

"बघितलं," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली, माझी पेटी डोक्यावर घेतली आणि कापड्याच्या वाटेला लागले. करंडा पेटीतच होता. मी त्यांच्या मागून चालत होतो आणि मला रडता येत नव्हतं, कारण माझं रडून महिना झाला असं ते धरून चालले होते.