कराची ते लंडन, धुळे ते असोदा

माझ्या सासऱ्यांना विमानाचं भारी वेड. घरात सगळे त्यांना नाना म्हणत. कराचीहून लंडनला टपालाचं विमान जायला लागलं, तेव्हापासून धुळ्याच्या आमच्या ओसरीवर दुसरा विषयच नव्हता. नानांनी भिंतीवर जगाचा नकाशा टांगला, सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घेतला आणि कराचीपासून लंडनपर्यंत ताणला. विमान जिथे उतरतं तिथे दोऱ्याला गाठ. आल्यागेल्याला हाताला धरून दाखवायचे, बघा, आठवड्याभरात लंडन! मीही दाराआडून कौतुकाने ऐकायची. वेडीच मी.

त्याच सुमारास असोद्याहून भावाचं कार्ड आलं. आईने अंथरूण धरलंय, सारखी तुझं नाव घेते, असशील तशी निघ. वडील आमच्या लहानपणीच गेलेले, आईजवळ तो एकटाच. मी लगेच दोन लुगडी बांधली. सासूबाईंनी दारातच अडवलं. मुऱ्हाळी कुठे आहे? माहेरचा माणूस न्यायला आल्याशिवाय सून निघाली, तर लोक म्हणतील हाकलून दिली. मी आशेने नानांकडे पाहिलं. रोज वर्तमानपत्र वाचणारा माणूस! त्यांनी चष्मा पुसला आणि भावाला कार्ड लिहिलं, न्यायला या. नवरा तरी म्हणेल, मी पोचवून येतो? छे! तो जोडे घालून बाहेर निघून गेला.

आता बघा. ते कार्ड चाळीसगाववरून जळगावला जाणार, तिथून असोद्याला. ते वाचून भाऊ निघणार, चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला येणार, आणि मग मला घेऊन तोच सगळा रस्ता उलटा. एका खेपेच्या जागी तीन. विमानाला मुऱ्हाळी लागला असता, तर ते अजून कराचीतच उभं असतं.

भाऊ चौथ्या दिवशी आला. आईला शेजारणीच्या हवाली करून आलेला, घोटभर चहासुद्धा न घेता त्याने माझं गाठोडं उचललं. दुसऱ्या दिवशी आमची बैलगाडी असोद्यात शिरली, तेव्हा दारात माणसं बसलेली होती. आई आदल्या संध्याकाळी गेली होती. शेजारीण म्हणाली, शेवटपर्यंत दोघांना हाका मारत होती, पाणी मीच पाजलं. पोटची दोन लेकरं असून माझ्या आईला शेवटचं पाणी शेजारणीच्या हातचं! मला थांबवलं म्हणून मी नव्हते, आणि मला न्यायला निघाला म्हणून तोही नव्हता.

तेराव्यानंतर भावाने मला धुळ्याला पोचवलं. नाना ओसरीवर कुणा पाहुण्याला लंडन दाखवत होते. तोवर मी त्यांच्यासमोर उभी राहून कधी बोलले नव्हते. त्या दिवशी पदर सावरला आणि सरळ नकाशाजवळ गेले.

"नाना, याच दोऱ्याने धुळे ते असोदा मोजून दाखवा."

पाहुणा हसला. नाना हसले नाहीत. त्यांनी दोरा सोडवला, वाकून शोधू लागले. त्या नकाशात धुळंच नव्हतं, असोदा कुठून असणार? शेवटी मुंबईच्या वर अंदाजाने बोट टेकवलं.

"बठ्ठं एकच बोटखाले शे, बाई," ते हळूच म्हणाले.

"सगळं एका बोटाखाली मावतं, तेवढं अंतर तुम्ही मला जाऊ दिलं नाहीत."

मी आत येऊन भाकरी थापायला बसले. दोरा पुन्हा नकाशावर चढला नाही. त्याने काय होतं? माझी आई तर गेलीच ना.