कुठे चुकलात, डॉक्टर?

कालोलाईनेबाईंनी दोन्ही डॉक्टरांना हो म्हटलं होतं, हे मला हॉस्पिटलातून परतीच्या बसमध्ये कळलं.

त्यांच्या पिशवीतून शस्त्रक्रियेच्या दोन चिठ्ठ्या निघाल्या. सुवाच्या विद्यापीठातून साहित्याची पदवी घेऊन आल्यापासून गावातला प्रत्येक इंग्रजी कागद माझ्याकडे येतो. एका चिठ्ठीवर मंगळवार, बारा तारीख, ऑकलंडहून आलेले डॉ. हॅडफील्ड. दुसरीवर गुरुवार, चौदा तारीख, आपले डॉ. वाइकोना. गळा एकच.

“बाई, दोघांना हो म्हणालात?”

“मग काय करू? एवढा शिकलेला माणूस समोर बसून विचारतो, करू या का? त्याच्या तोंडावर नाही म्हणू?”

टोंगात डॉक्टरला नाही म्हणायची पद्धत नाही. माझी आई अशीच एका आठवड्यात दोन दात काढून आली होती. दुखत होता एकच.

बाई छप्पन्न वर्षांच्या. दिवसा धक्क्यावर बोटीची तिकिटं विकतात. तिथला लाउडस्पीकर बहुतेकदा बंद असतो, मग उतारूंची नावं स्वतःच पुकारतात. संध्याकाळी चर्चच्या गायकांना शिकवतात. चाळीस माणसं, एक फळा, एक छडी. फळ्यावर सूर आकड्यांत लिहिलेले, तीनपासून नऊपर्यंत; तीन म्हणजे सा. छडी पडेल तो आकडा बाई आधी गाऊन दाखवतात, मग आम्ही. वाद्य नाही. त्यांचा गळाच आमचं वाद्य.

त्या गळ्यात दीड वर्षापासून गाठ होती. सुई घालून तपासली होती, वाईट नव्हती. पण वाढत होती आणि आता श्वासनळी दाबत होती. लांब ओळीच्या शेवटी बाईंना श्वास पुरेना. आम्हा सगळ्यांना ते ऐकू येत होतं. कोणी बोलत नव्हतं.

हॅडफील्ड पूर्ण थायरॉइड ग्रंथी काढणार होते. मग जन्मभर रोज एक गोळी. वाइकोना फक्त गाठीची बाजू काढणार होते. दुसरी बाजू पुढे वाढली तर तेव्हा बघू. आवाजाची नस तिथूनच जाते, तिला धक्का लागू शकतो, हे दोन्ही कागदांवर बारीक अक्षरांत होतं.

गावाचं मत ठरलेलं होतं.

“परदेशी डॉक्टर वर्षातून दोन आठवडे येतो, बाई,” लोपेती बेकरीवाला म्हणाला. “आपला वाइकोना काय, कधीही कापेल.”

“तुझ्या पावासारखा, कधी कच्चा कधी करपलेला?” बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “उद्या दोघांना परत भेटायचं. एक प्रश्न राहिलाय.”

तो प्रश्न मला माहीत असायला हवा होता. तालमीत गाणं संपलं की बाई एकेकाला विचारतात, कुठे चुकलास? जागा सांगितली तर पुढे बसायचं. ‘कुठेच नाही’ म्हणणारा मागच्या बाकावर. मी पहिल्याच दिवशी मागे गेले, लोपेतीच्या शेजारी. तो अकरा वर्षं तिथेच आहे.

हॅडफील्ड बाईंसाठी उठून उभे राहिले. खुर्ची पुढे केली.

“विचार,” बाई म्हणाल्या, “तुमच्या हातून किती जणांचा आवाज गेला?”

मी इंग्रजीत विचारलं, असं कधी होतं का? बाईंनी कोपराने ढोसलं. तेवढं इंग्रजी त्यांना येतं. मी नीट विचारलं.

“तिकडे शंभरात एखाद्याचा,” ते म्हणाले.

“आणि इथे?”

“इथून आजवर एकही तक्रार आलेली नाही.”

ते खोटं बोलत नव्हते. बाईंनी हात जोडून आभार मानले.

“भला माणूस आहे,” बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या.

“मग ठरलं?”

“दोन आठवड्यांनी जातो तो. तक्रार कोणाकडे करायची, विमानाकडे? आणि आपलं कोण तक्रार करणार? मी स्वतःच त्याला हो म्हणून आले होते.”

सुवाला मी चार वर्षं मजकुरात न लिहिलेलं वाचायला शिकले होते.

वाइकोना टेबलाशी पाव खात होते. प्रश्न ऐकून त्यांनी पाव खाली ठेवला.

“दोन. एकीचा वर्षात परत आला. दुसरी सेलू. बाजाराच्या फाटकापाशी कोनफळं विकते.”

“ती घोगऱ्या आवाजाची?”

“ती घोगरी नव्हती. मी केली.”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

“कुठे चुकलात, डॉक्टर?” बाईंनी विचारलं. अगदी तालमीतल्या आवाजात.

“रक्त येत होतं. घाई केली. नस दिसायच्या आधीच टाका घातला. आता नस दिसल्याशिवाय हात पुढे जात नाही. कोनफळं मी तिच्याकडूनच घेतो. ती भाव सांगते, मला ऐकावं लागतं.”

“गुरुवारी किती वाजता येऊ?”

“सहाला. उपाशीपोटी. आणि बाई, डॉक्टरला नाही म्हणता येतं.”

“आता एकाला म्हणायचंच आहे.”

सोमवारी त्यांनी हॅडफील्डसाठी लू नेलं. अळूच्या पानांत बांधून नारळाच्या दुधात शिजवलेलं मटण, मोठा ट्रे भरून. पंधरा मिनिटं आभार मानले. त्यांच्या मुलाबाळांसाठी प्रार्थना केली. थोडं रडल्या. ते मान डोलवत राहिले. शेवटी आमच्याकडचीच नर्स म्हणाली, “डॉक्टर, उद्याची जागा रिकामी झाली.” त्यांना समजायला क्षणभर लागला. मग हसले आणि चमचा मागितला.

शस्त्रक्रियेनंतर तीन आठवडे बाईंनी तोंडातून शब्द काढला नाही. वाइकोनांनी बोलायची परवानगी कधीच दिली होती. बाईंना गळ्याला पुरती विश्रांती द्यायची होती. तालमीत फक्त छडी. धक्क्यावर नावं मी पुकारली. दोघांची बोट चुकली.

चौथ्या आठवड्यात त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या. छडी तीनवर ठेवली आणि गायल्या. पाच. सात. आठ. आवाज बारीक होता, पण होता.

त्या वळल्या. “कुठे चुकले?”

चाळीस माणसं जमिनीकडे बघत होती.

“आठावर, बाई,” मागच्या बाकावरून लोपेती म्हणाला. “किंचित खाली लागला.”

बाईंनी छडी त्याच्याकडे रोखली. “अकरा वर्षांत पहिल्यांदा ऐकलंस. पुढे ये.”

“नको बाई. इथनं दार जवळ आहे.”

त्यांनी छडी पुन्हा आठावर मारली. या वेळी सूर बरोबर लागला, आणि पुढच्या ओळीला श्वास उरला.